पाणी वरून काढून घेतलं की

डाळमिलच्या मागे आमचं शेड,
त्यात तीन पुरुष उंच काचेचा टॉवर.
रात्रपाळीला मी, सरोदेकाका
आणि गेटवर भावडू कोळी.

आधी इथे किटली होती, पोटात गंधकाम्ल.
काकांच्या एकाही शर्टाला
सगळी बटणं आणि सगळं कापड
एकाच वेळी नव्हतं.
बॅच संपली की चुना ओतायचा,
पांढरा चिखल व्हायचा,
तो कुठे न्यायचा हे ट्रॅक्टरवाला आम्हाला विचारायचा
आणि आम्ही त्याला.

आता आम्ल घन आहे. दाणे.
मोहरीएवढे, भाजल्या खसखशीच्या रंगाचे,
चिमटीत धरले तर कोरडे, निरुपद्रवी.
नुसते टॉवरमध्ये ओतले तर वाफेची वाट अडवतात,
म्हणून पिशव्या हव्यात, तारेच्या जाळीच्या,
आणि जाळी शिवायला शहरात कोणी तयार होईना.

शकीलाआपा मन्सुरी तयार झाली.
बापाची पिंजणाची धनुकली तिच्या घरात अजून खुंटीला आहे.
मी म्हटलं, गच्च भरू नका, ओले झाले की फुगतात.
ती म्हणाली, "कापसाला काय मी आज ओळखते?
पाऊण भरते."
बोटांना तारा टोचल्या. तिने चिंधी गुंडाळली
आणि बहात्तर पिशव्या दिल्या,
गादीला घालतात त्याच टाक्यांनी.

वरून अल्कोहोल उतरतं, साखर कारखान्याच्या गाळातलं,
खालून ॲसिटिक चढतं, त्याचा वास लोणच्याचा.
पिशव्यांत त्यांची गाठ पडते.
किटलीत हे दोघे शंभरातले सदुसष्ट जोडले जायचे
आणि थांबायचे.
म्हणजे थांबायचे नाहीत,
जेवढे जुळत तेवढेच तुटत,
कारण जुळताना जे पाणी सुटतं
तेच परत फिरून त्यांना सोडवतं.
टॉवर एवढंच करतो:
पाणी झालं रे झालं की वर उचलतो, बाहेर काढतो.
मग मागे फिरायला वाट उरत नाही.
मी दोन वर्षं हे शिकवलंय पोरांना, फळ्यावर, बाणांनी.
काचेतून बघताना
बाण आठवला नाही.

मे महिना. बाहेर रात्री अकराला अडतीस अंश,
कूलिंग टॉवरचं पाणी अंघोळीला काढल्यासारखं.
व्हॅक्यूम ढळत होता.
एकशेवीसच्या वर दाण्यांतलं आम्ल सुटून जातं,
परत येत नाही.
एकशेअठरा. एकशेएकोणीस.
काकांनी फीड कमी केला,
बर्फाच्या लाद्या मागवल्या पहूरच्या लस्सीवाल्याकडून,
आणि काटा उतरेपर्यंत कोणी बसलं नाही.

पहाटे चारला तळाच्या नळाला पहिली बाटली.
झाकण काढलं आणि शेडभर केळं.
रस्त्यावर रावेरहून निघालेला केळ्यांचा ट्रक उभा होता,
ड्रायव्हरने स्वतःचाच माल हुंगून पाहिला.
काका सावद्याचे. त्यांनी डोळे मिटून वास घेतला,
बराच वेळ घेतला.
"पोरी, हे केळं नाही.
केळ्याचं नाव घेतलंय कोणीतरी, जोरात."

उजाडताना नमुना न्यायला निघाले,
पायरीवर बाटली निसटली.
पाण्याच्या टाकीखाली आग्यामोहोळ होतं, वर्षभराचं,
कधी कोणाला काही न करणारं.
ते उठलं.
भावडूने माझ्या डोक्यावर पोतं टाकलं
आणि स्वतः उघडा राहिला.
"काय सांडं वं ताई?"
मी म्हटलं, केळ्याचा वास.
सतरा काटे काढले त्याच्या मानेतून, चिमट्याने.

दुपारी पुस्तकात सापडलं:
माशी डंख मारते तेव्हा
हाच रेणू हवेत सोडते.
त्यांच्यात त्याचा अर्थ, धावा.
शाळेसमोरच्या पिवळ्या गोळीत जो असतो, तो.
काकांनी नावच घेतलंय म्हटलं होतं;
कोणाचं, ते माशांना ठाऊक होतं.

अहवालात शुद्धता अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा.
खाली मी पेन्सिलीने "टाकीकडचं दार बंद ठेवावे" लिहिलं,
साहेबांनी खोडलं.
भावडू तीन दिवस रजेवर.
शकीलाआपाला आणखी चाळीस पिशव्यांची ऑर्डर गेली,
तिने भाव वाढवला,
आणि आम्ही दिला.