बेत

लिही, रेमिखिओ. विजेच्या बिलाची मागची बाजू कोरी आहे,
त्यावरच लिही.
माणसं चौदा. बंदरातली नऊ, बाकी आपली.
बंदरातली माणसं मोजून पीत नाहीत,
आणि एकतीस वर्षं तूही त्यांच्यात बसून मोजलं नाहीस.
निवृत्ती तुझी असली तरी हिशेब मी सांगते.

पिस्को, पाच बाटल्या.
सहावी पलंगाखाली. ती कागदावर नको.
लिंबं साठ. बारीक, हिरवी, नख लावलं की तेल सुटणारी.
दोन्या ग्रिमानेसाकडूनच आण,
तिचा तराजू खोटा असला तरी लिंबं खरी असतात.
पिळायला मात्र मी बसेन.
तू शेवटच्या थेंबापर्यंत पिळतोस,
मग साल बोलायला लागते, कडू.

अंडी चौदा. दोन ग्लासांना एक पांढरं, म्हणजे पुरतं.
बलक उरतील. उरलेल्या बलकांचं काय करायचं
हे लिमातल्या बायकांनी कधीच ठरवून ठेवलंय:
आठ बलक आटीव दुधात, मंद आचेवर, चमचा उभा राहीपर्यंत.
तो सुस्कारा.
गोडाचं नावच सुस्कारा. कुणी ठेवलं देव जाणे,
पण पहिला चमचा संपला की तोच निघतो.
बाकीचे कौशाच्या मायोनेजमध्ये.
कौशाला पिवळे बटाटे तीन किलो, मिरचीही पिवळी, बिया काढून.
वड्या दोन घासांच्या कर.
उभ्या माणसाचा एक हात ग्लासात अडकलेला असतो.

बैलाचं काळीज चार किलो.
रात्रभर व्हिनेगर, जिरं, लसूण, मग सळईवर, कोळशावर.
ऑगस्टच्या धुक्यात कोळसा सादळतो, पोतं आत घे.
धूर वर गेला की वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन बंद होते,
म्हणून त्या दोघांनाही बोलाव.
म्हणजे सोळा. खोड ते चौदा.
अंड्यांत दोन वाढव.

पेन का थांबलं?
हो, एलिओदोरो धरलाय मी. पहिल्यापासून धरलाय.
आठ महिने अकरा दिवस झाले त्याला.
तुझी बहीण म्हणते बोलावूच नका. म्हणू दे.
संत्र्याचा रस देऊन कोपऱ्यात बसवायला
तो काही कुणाच्या वाढदिवसाला आलेलं पोर नाही.
त्याच्यासाठी जांभळा मका उकळायचा,
अननसाच्या साली, लवंग, दालचिनी घालून.
ग्लास तोच, सगळ्यांचा. लिंबू तेच.
वर अंड्याचा फेसही तसाच, बोटभर.
आणि फेसावर त्या कडू अर्काचे तीन थेंब...

थांब.
ती छोटी बाटली दे इकडे. चष्मा दे.
चव्वेचाळीस टक्के.
इतकी वर्षं टिपकतेय मी, कधी वाचलं नाही.
बरं, त्याच्या फेसावर दालचिनीची पूड.
आणि सुस्काऱ्यावरच्या पांढऱ्या फेसात पोर्ट असते,
आईच्या हातापासून.
तीही खोड. सगळ्यांसाठीच खोड,
त्या गर्दीत दोन भांडी वेगळी ओळखणं मला जमायचं नाही.

बघ ना, आपल्याच फडताळात कुठे कुठे दडून बसलीय.
त्याला हे रोज शोधावं लागत असेल,
प्रत्येक दुकानात, प्रत्येक ताटात,
आणि कुणाला न विचारता.

सकाळी फोन होता त्याचा. काय आणू, म्हणाला.
पूर्वी विचारायचा नाही, घेऊनच यायचा.
मला पटकन काही सुचेना. बर्फ, म्हटलं.
आपल्या फ्रीजरमध्ये दोन ट्रे जेमतेम मावतात,
पेट्रोल पंपावर पिशव्या मिळतात, चार आण.
तो जरा वेळ गप्प होता.
मग म्हणाला, शेवटीच घेतो, तुमच्या कोपऱ्यावरूनच,
नाहीतर वितळेल.

बर्फाच्या पुढे त्याचं नाव लिही.
असं नाही, पूर्ण लिही.
आणि ती पलंगाखालची
तुझ्या बहिणीकडे नेऊन ठेव. उद्या नको, आत्ताच.
येताना काडेपेटी आण,
आपल्या साऱ्या ओल्या झाल्यात.