खडूची खोली

धनकवडीत, शेवटच्या स्टॉपच्या पुढे जिथे चढ लागतो,
तिथे आमची शाळा. घंटा माझ्याकडे.
किल्ल्याही. एकवीस. त्यातली एक गंजलेली,
क्रीडासाहित्याच्या खोलीची.
आत अडीच डझन लेझीम, चकत्या गळालेले,
मल्लखांब आडवा, त्यावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे,
आणि एक व्हॉलीबॉल.
तपासणीच्या आदल्या दिवशी मी तो सायकलच्या पंपाने फुगवतो,
साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली
की आपोआप बसतो. शहाणा आहे.

मैदान होतं.
मी फक्की मारायचो, पहाटे, वारा पडलेला असताना,
दोरी ताणून, खांबापासून खांबापर्यंत.
मग नवी इमारत आली. मग तिचं पार्किंग.
मग पालकसभेत कुणीतरी म्हणालं, पांढरे मोजे मळतात,
म्हणून पेव्हर ब्लॉक.
आठवी पाटी जिथे पडायची
तिथे आता पिवळी व्हॅन उभी असते,
ऑइल गळतं तिचं.

गुरुवार, सहावी ब, पाचवा तास: पी.टी.
असं छापलंय वेळापत्रकात.
पाचव्या तासाला बर्वेबाई जातात.
अपूर्णांक राहिलेत.
बाई वाईट नाहीत, राहतातच अपूर्णांक.
आधी दोंदेसरांना विचारतात,
आणि सर, समोर मतदारयाद्यांचा ढीग,
मान वर न करता हो म्हणतात.
शिट्टी अजून गळ्यात आहे त्यांच्या,
शर्टाच्या आत.

व्हरांड्यात धावू नये.
जिन्यात उड्या मारू नयेत.
मधल्या सुट्टीत जागेवर बसूनच डबा खावा.
या पाट्या मीच रंगवल्या, ऑइलपेंट, दोन हात.
'नये' काढायला आता माझा हात बसलाय,
डोळे मिटूनही सरळ येतं.

जुलैत एकदा मैथिली पासलकर खाली आली.
"मामा, बाईंनी खडू मागितलाय."
डबा माझ्या स्टुलाखालीच असायचा, दिला.
पोरगी जिना चढली नाही.
बाहेर गेली, व्हॅनला वळसा घातला,
मग दुसऱ्या व्हॅनला, मग टाकीला,
वेण्या पाठीवर आपटतायत,
खडू मुठीत घट्ट, जणू पुढे कुणीतरी हात मागे करून उभंय.
तीन फेऱ्या.
मग पायरीपाशी थांबली, बाहीने तोंड पुसलं,
आणि पाटीवर लिहिल्याप्रमाणे
एक-एक पायरी चालत वर गेली,
तोंड मिटून, नाकपुड्या फुगवून,
म्हणजे धाप कुणाला कळू नये.

मी घंटा द्यायला दोन मिनिटं विसरलो त्या दिवशी.

पुढच्या आठवड्यात मोठ्या बाईंना अर्ज दिला:
जिन्याखाली ओल येते, खडू दमट होतात,
तरी साठा क्रीडासाहित्याच्या खोलीत हलवावा.
सही झाली. कोण वाचतं.
कुलपात तेल सोडलं, उत्तरपत्रिका रद्दीला काढल्या.
जिन्यापासून खोली एकशेचाळीस पावलं,
माझी. पोरांची जास्त भरतील.

आता सहावी ब मध्ये खडू कुणी आणायचा
यावरून भांडणं होतात.
सातवीलाही कुणकुण लागलीय.
बर्वेबाई म्हणतात, "हल्ली खडू फार ठिसूळ येतात हो."
मी म्हणतो, "कंपनी बदलली."

संध्याकाळी व्हॅन गेल्या की डबा मांडीवर घेऊन बसतो.
अपूर्णांक मलाही थोडे जमतात:
एकाचे दोन, दोनाचे चार.
पँट पांढरी होते,
घरी बायको विचारते, पुन्हा फक्की सुरू झाली का?

काल मैथिली परत आली, धापा टाकत.
तळहातावर अख्खा खडू, माझ्या नजरेतून सुटलेला.
"मामा," म्हणाली,
"हा संपायचाच नाही. छोटा द्या."