कुठला दोरा?

टोलीडोत, मॉमी नदीच्या अलीकडे
आठ पडद्यांचं थिएटर. सातव्या पडद्यावर
तेविसावा भाग.
मी एकटीच आलेय. बाविसाव्यापर्यंत
शेजारच्या खुर्चीत कस्तुरी असायची,
खारट बोटांनी माझी बाही ओढत
कानात सांगायची:
हा त्याचा सावत्र भाऊ, नवव्यात गेलेला.
ही आधी त्यांच्या बाजूची होती.
तो लाल दोरा लक्षात ठेव, आई.

ठेवला.

म्हणून आज, तो लोखंडी हातांचा नायक
खिशातून साधा पाना काढतो,
मेलेल्या मेकॅनिकचा, सहाव्या भागातला,
मुठीला तोच लाल दोरा,
आणि दीडशे माणसं एकदम श्वास धरतात
तेव्हा माझाही अडकतो.
एक शब्द नाही. संगीतसुद्धा नाही.
अकरा वर्षं भरलेली भिशी
एका दोऱ्यात हाती आली.
एकट्यादुकट्या सिनेमाला हे कुठून जमणार,
त्याला दोन तासांत ओळख, प्रेम आणि तेरावं
सगळंच उरकायचं असतं.

पुढच्या क्षणी आभाळ फाटतं, निळा झोत,
शहर कोसळतं, दर वेळी कोसळतं तसं,
आणि मला आठवतं
लायब्ररीची पुस्तकं परत करायची राहिलीत.

डावीकडचे म्हातारे गृहस्थ वाकून विचारतात,
"हा कोण?"
मिस्टर कोवाल्चिक, काचकारखान्यातून निवृत्त.
नातवानं तिकीट काढून दिलं, नातू आला नाही.
मी सांगू लागते. एका "हा कोण"साठी
चार सिनेमे आणि एक मालिका मागे जावं लागतं.
"पण हा मेला होता ना?"
"दोनदा."
"मग आत्ता मी रडू की नको?"

याचं उत्तर कस्तुरीनं शिकवलं नव्हतं.

नावं वर सरकतात, हजारोंनी.
कुणी फक्त केस केले, कुणी फक्त धूर.
झाडूवाला पोरगा दाराला टेकून थांबलाय,
आम्हीही थांबलोय. शेवटी वीस सेकंद:
एक दार, एक हात, हातात अंगठी, अंधार.
श्रावणातली कहाणी कशी,
साठा उत्तरांची असली तरी पाचा उत्तरी
सुफळ संपूर्ण व्हायची, मग ऊठ, कामाला लाग.
इथे प्रसादाच्या द्रोणातही
पुढचं आमंत्रण.

पार्किंगमध्ये काचेवरचा बर्फ खरवडत
फोन लावते. "अगं, तो दोरा आला!"
"कुठला दोरा?"
मग हसते ती. "आई, मी सोडलं ते सगळं.
विसाव्यानंतर नुसता गृहपाठ वाटायला लागला.
तू यायचीस म्हणून येत होते."

हीटर अजून गारच हवा फेकतोय.
मिस्टर कोवाल्चिक गाडी थांबवून
काच खाली करतात, ओरडून विचारतात,
"ती अंगठी कुणाची?"
मी म्हणते, माहीत नाही.
मेमध्ये कळेल.