शेऱ्याचा रकाना

नारिनच्या पुढे, जिथून रस्ता घाटाकडे चढू लागतो,
तिथे ट्रक तोलायचा काटा आहे.
काट्याशेजारी पत्र्याची खोली, खोलीत कोळशाची शेगडी,
आणि रात्रपाळीला बुरुल.
वय सत्तेचाळीस, शाळा आठवीपर्यंत.

आठवीत अपूर्णांक चालू होते.
छेद समान करा, असं बाईंनी सांगितलं
त्याच आठवड्यात बाप घोड्यावरून पडला
आणि मेंढ्या हिच्याकडे आल्या.
एक हातचा घ्यायचा राहिला,
तो राहिलाच.
पुढची सगळी बेरीज त्याच्याविना झाली:
लग्न, बिश्केकला गेलेले दोन मुलगे,
आणि हा काटा, जो आकडे स्वतःच दाखवतो,
हिने फक्त वहीत उतरवायचे.

रेंज एकाच जागी येते,
पाण्याच्या टाकीच्या शिडीवर, तिसऱ्या पायरीला.
तिथे उभं राहून ती धडे फोनमध्ये भरून घेते
आणि शेगडीपाशी येऊन उघडते.
धड्यातल्या मास्तरांना चेहरा नाही.
नुसता आवाज, थोडा सर्दी झालेला,
आणि काळ्या पाटीवर पिवळी, निळी अक्षरं.

मास्तरांना थांबवता येतं,
हे तिला आधी खरंच वाटेना.
अंगठा टेकवला की ते वाक्याच्या मध्यात गप्प,
ती चहा ओतून येईतो
तोंडातला शब्द तोंडातच धरून.
मागे नेलं तर पुन्हा सांगतात,
सातव्यांदाही त्याच आवाजात.
सरावाचं गणित चुकलं
की चौकट किंचित थरथरते. एवढंच.
एवढ्या चुका, बुरुल म्हणते,
आयुष्यात मला कुणी फुकट करू दिल्या नव्हत्या.

मग जानेवारीत तो त्रिकोण भेटला.
जवळजवळ कोरं पान,
बोटाने ओढता येणारी तीन टोकं,
प्रत्येक टोकातून समोरच्या बाजूच्या मधोमध एक रेघ.
मध्यगा.
तिघी एका ठिपक्यात भेटतात.
भेटतात तर भेटतात, ती म्हणाली,
आणि टोक ओढलं.
ठिपका सरकला, तिघी सुटल्या नाहीत.
तिने त्रिकोण सुरीसारखा निमुळता केला,
नानसारखा चापट केला,
कोपऱ्यात कोंबला.
पहाटे चारपर्यंत ती एका तरी रेघेला
जादा माल लपवणाऱ्या ड्रायव्हरसारखी
रंगेहाथ पकडायच्या मागे होती.
सापडली नाही.

तेव्हा चहाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला,
पट्टीने तिन्ही रेघा मारल्या,
ठिपका पेनच्या टोकावर टेकवला.
पुठ्ठा डुलला, विचारात पडल्यासारखा,
आणि थांबला.

एकोणीस वर्षं ती वजन मोजत होती.
वजन कुठे राहतं
हे कुणी सांगितलंच नव्हतं.

सळ्या घेऊन आलेल्या तुर्सुनने
तो पुठ्ठा भेगाळलेल्या अंगठ्यावर तोलला,
मग आपल्या ट्रककडे बघितलं,
मग पुन्हा अंगठ्याकडे,
शिवी दिली,
आणि उणे वीसात दोर सोडून
अख्खा माल पुढे सरकवून बांधला.

वहीत शेऱ्याचा एक रकाना असतो.
ताडपत्री फाटकी. पावती दिली. ड्रायव्हर प्यायलेला.
त्या रात्रीपुढे तिने लिहिलं:
ठिपका आतच.

मार्चमध्ये निरीक्षक एसेनबेक आले,
वही चाळली, बोट त्या ओळीवर ठेवलं.
हे काय?
बुरुल काही बोलली नाही.
ते बोट वहीवरून उचललं, सरळ केलं,
त्यावर पुठ्ठा ठेवला.

बराच वेळ खोलीत फक्त शेगडी बोलत होती.

मग एसेनबेक हळू आवाजात, पुठ्ठा पडू नये म्हणून
श्वास राखत म्हणाले,
चौकोनाचं कसं असतं?
तिथवर अजून पोचले नाही, साहेब.
आणि हे कुठे मिळतं?

तिने पावतीच्या पाठीवर पानाचा पत्ता लिहिला,
खाली, तिसरी पायरी, असंही लिहिलं,
आणि हात सवयीचा, म्हणून
त्यावर शिक्का मारून दिला:
तोलले. बरोबर.