निवडलेलं

त्रिएस्तेत त्या दुपारी बोरा सुटला होता.
चौकात खांबाखांबांना दोर बांधलेले,
माणसं दोर धरधरून घरी चाललेली,
आणि आमच्या काचेच्या दाराला टेकून
एक म्हातारी दम खात उभी.
मी दार उघडलं. वाऱ्यानंच तिला आत लोटलं म्हणा ना.

आत नेहमीचंच:
छतावर सोन्याचा मुलामा, वेलबुट्टी, गुबगुबीत देवदूत,
ज्यांच्या तळपायांवरची धूळ फक्त आम्हा वेटरांना ठाऊक.
आरशासमोर आरसा, एका झुंबराची शंभर झुंबरं,
बघता बघता पर्यटकांच्या माना अवघडतात.
बादशहाच्या काळातली संगमरवरी टेबलं.
चार नंबरचं डुगडुगतं,
त्याच्या पायाखाली माझं न लागलेलं लॉटरीचं तिकीट.

तिनं वर पाहिलंच नाही.
चार नंबरला बसली, कोट न काढता, खुर्चीच्या काठावर,
दवाखान्यात नंबर यायची वाट पाहावी तशी.
"एक काळी," म्हणाली. मग हळूच, "केवढ्याला?"
मी निम्मी किंमत सांगितली.

कॉफी घेऊन आलो तर बाई जागेवर नाही.
गल्ल्यापाशी शोभेला ठेवलेली कच्च्या बियांची परात,
तिच्यापुढे उभी. बोटं चाललेली.
नजर भलतीकडेच, पण बोटं चाललेली,
टिचकीसरशी एकेक बाजूला.

"बंदरावर होते. चौदाव्या वर्षापासून.
आम्ही अठराजणी, पोत्यामागून पोतं.
एक कुजकी राहिली तर मुकादम आईवरून बोलायचा."
"मग इथे कधी आला नाहीत?"
"चांगली इकडे यायची," ती म्हणाली,
"फेकायची ती आम्ही घरी न्यायचो. चिकोरी घालून गोड लागते."

उभ्या उभ्याच प्यायली. डोळे मिटून नाही, काही नाही.
"बरी आहे," म्हणाली. "भाजताना घाई केलीय कुणीतरी."
नाव विचारलं तर नेरीना,
आणि तेवढ्यात दाराबाहेर, दोरावर हात.

बशीत पूर्ण किंमत, पाटीवर लिहिलेली.
शेजारी सात बिया, ओळीत.
ब्रेसानसाहेब म्हणाले, "ही काय घाण?"
मी म्हटलं, "टीप."

अजून आहेत कोटाच्या खिशात.
पाचांचं कळलं: भोक, चीर, काळा डाग.
उरलेल्या दोन मी उजेडात धरून धरून पाहतो.
खोट कुठे आहे, सापडत नाही.