बेचाळीस सेकंद

सल्माबादच्या कँपात ऑगस्टात एसी बंद पडले,
सलग अकरा रात्री.
बाराव्या दिवशी चॅनलवाले आले.
माईकला केसाळ टोपी,
काठीच्या टोकावर मांजर बसवल्यासारखी.
पोरगी म्हणाली, बोला काका, जे आहे ते बोला.

मी बोललो.
मोडकी हिंदी, अडलं तिथे खेडची मराठी.
चादरी भिजवून गच्चीवर निजतो म्हणालो.
नरसय्याला सलाईन लागलं,
वर त्याचे तीन दिवस पगारातून कापले, तेही म्हणालो.

रात्री दाखवलं. बेचाळीस सेकंद.
चादरी होत्या, गच्ची होती.
पगार कापला ते वाक्य
कापलं होतं.

हनीफने टीव्हीसमोर मोबाईल धरून ते उतरवलं,
कडेला त्याचा अंगठा, मागे कुकरची शिट्टी.
शेवटी नरसय्याची पगाराची चिठ्ठी जोडली
आणि दिलं सोडून.
सकाळी त्या जागी नुसती करडी चौकट:
प्रक्षेपणाचे हक्क राखीव.

थंकच्चन कधीकाळी वकिलाकडे टायपिस्ट होता.
त्याने चहा गार होईस्तोवर समजावलं:
तोंड तुझं, बोलणंही तुझं,
पण टॉवरवरून जी लहर गेली ती त्यांची.
लोक मॅचेस चोरतात, म्हणून कायदा.

खरंय. चोरी ती चोरीच.
कॅमेऱ्याला पैसे पडतात, पोरीलाही पोट आहे.
मी बारा वर्षं लोकांच्या घरात डक्ट बसवतोय,
त्यांची गार हवा कधी खिशात घालून आणली नाही.

किती वर्षं त्यांची? मी विचारलं.
देशादेशावर आहे, कुठे वीस, कुठे पन्नास.
म्हणजे माझं बोलणं मला
एकशेतिसाव्या वर्षी... नाही, हिशेब चुकला,
एकशेचौथ्या वर्षी फुकट मिळेल.
थंकच्चन हसला. मग हसायचा थांबला.

हनीफ आता टीव्ही लागला की
मोबाईल पालथा ठेवतो.
कुणी काही सांगायला लागलं
तर आधी आवाज बंद करतो. टीव्हीचा म्हणतोय मी.
बहुतेक टीव्हीचाच.

गुरुवारी ऑफिसात बोलावणं आलं.
साहेबाने स्क्रीन माझ्याकडे फिरवला.
त्यांनी रीतसर पत्र देऊन, पैसे भरून
चॅनलकडून प्रत घेतली होती.
हा तूच ना?

मी पहिल्यांदाच नीट पाहिलं.
चित्र स्वच्छ होतं.
अंगठा नाही,
कुकरची शिट्टी नाही.