पलीकडे अजून अठरा तारीख

कागद-कारखान्याचं काम एक दिवस आधीच उरकलं.
हॉटेलातल्या बाईनं विचारलं, गोल्फ येतो का?
येतो, म्हणालो. साफ थाप होती ती.
तिनं लगेच फोन फिरवला,
आणि रात्री साडेदहाला, लख्ख उजेडात,
औलिस दारात उभा,
खांद्याला पिशवी, काठ्या दोघांत मिळून सात.

सूर्य क्षितिजापाशी येऊन रेंगाळलेला,
बुडावं की नको, ठरत नसल्यासारखा.
डास मात्र ठाम.
पहिल्या तीन होलांत मी दोन चेंडू बर्चच्या झाडीला दिले,
एक तळ्याला.
औलिस काही बोलला नाही. इथली माणसं
न बोलण्यातही उच्चार स्पष्ट ठेवतात.

चौथ्यावर बोलला:
बेचाळीस वर्षं कस्टममध्ये होतो, याच नदीवर.
लोणी पकडलं. कॉफी पकडली.
एकदा शवपेटीत सायकलचे टायर.
पण वेळ, म्हणाला,
वेळ रोज डोळ्यांदेखत ये-जा करायची,
तिच्यावर जकात कुणी लावली नाही.

मग तो होल आला.
टी फिनलंडात, झेंडा स्वीडनमध्ये.
मधे दलदल, लव्हाळी, आणि एक तास.
माझ्या घड्याळात बारा पंचवीस, एकोणीस जून.
समोर झेंड्यापाशी अकरा पंचवीस,
अजून अठरा तारीख.
मी हसलो. फोटो काढला. भारीच की, म्हणालो,
मारायचा आज, पडायचा काल!

औलिसनं हातमोजा काढून पुन्हा घातला.
माझा भाऊ त्या काठाला राहायचा. सुलो.
आजच्याच रात्री गेला, नऊ वर्षं झाली.
त्यांच्या कागदावर अठरा जून, अकरा चाळीस.
मला फोन आला तेव्हा माझ्या भिंतीवर एकोणीस.
वहिनीनं दगडावर अठरा कोरली.
आई मरेपर्यंत एकोणीसलाच मेणबत्ती लावायची.
दोघींनी त्यावरून बोलणं टाकलं.
मी भांडलो नाही.
मी इथला सभासद झालो.

एवढं बोलून त्यानं चेंडू मारला.
तो वर गेला, उजेडात विरघळला,
आणि थोडा वेळ कुठल्याच तारखेत नव्हता.

लाकडी साकवावरून आम्ही पलीकडे उतरलो.
अकरा बत्तीस.
माझा चेंडू मिळाला नाही, मी फारसा शोधलाही नाही.
त्याचा झेंड्यापासून दीड हात.
शेंबड्या पोरानंही आत ढकलला असता.

औलिस उकिडवा बसला. उतार पाहिला.
उठला. दुसऱ्या बाजूनं जाऊन पाहिला.
काठीची मूठ पुसली.
थर्मास उघडला, मला कॉफी दिली,
स्वतः घेतली नाही.
पुन्हा बसला.
मागे साकवावर दोन स्वीडिश पोरी ताटकळत होत्या,
पण त्यातली एकही खाकरली नाही.
त्याच्याकडे आठ मिनिटं होती. सुट्या नाण्यांसारखी
एकेक हातावर ठेवून त्यानं ती मोजली.

मग उभा राहिला, हलकेच ढकलला.
चुकला.

चल, म्हणाला, पुढची टी आमच्या बाजूला.

कार्ड अजून माझ्या पासपोर्टात आहे, कॉफीचा डाग पडलेलं.
माझे एकशे एकतीस.
त्याच्या रकान्यात त्या होलपर्यंतचे आकडे,
नेटके, शाईनं लिहिलेले,
पुढे नुसत्या रेघा.